लांकूड व प्लास्टिक यांच्या मिश्रणाचा प्रवाह

गेल्या वर्षीं आम्हीं पेडगांव येथील शेताच्या कुंपणास लांकडाचा भुसा व जुनें प्लास्टिक यांचे ओतलेले खांब आणिले. त्यांस वाळवी लागत नाहीं, असें विक्रेत्यानें सांगितलें होतें. तें खरेंही ठरलें. परंतु पावसाळा सरतांना तीन खांब तारेच्या ताणानें मोडले. मोडलेलें तोंड पाहतों तों आंत अनरशासारखी जाळी! दोष तारेचा नव्हता. खांब घडतांना मिश्रण कसें वाहिलें, त्याचा होता.

काकवीचें भांडें कलंडतांच ती आपल्या भारानें वाहते. हळू ओता अगर जोरानें ओता, तिचा दाटपणा बहुतेक सारखाच राहतो. वितळलेल्या प्लास्टिकचें तसें नाहीं. त्याचे रेणू लांब दोऱ्यांप्रमाणें एकमेकांत गुंतलेले असतात. जोरानें ढकलले असतां ते प्रवाहाच्या दिशेनें सरळ होतात व रस पातळ झाल्यासारखा धांवतो. अशा पदार्थांच्या प्रवाहावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील डॉ. रघुनाथ माशेलकर यांचें संशोधन प्रसिद्धच आहे.

या रसांत वजनानें निम्मा भुसा कालविला, कीं तो सोऱ्यांतील चकलीच्या पिठाप्रमाणें वागूं लागतो: थोड्या दाबानें हलत नाहीं, पुरेसा दाब पडतांच सरकतो. साच्याच्या भिंतीशीं अडखळला तर त्याच्या कडा करवतीसारख्या फाटतात. म्हणून कारखान्यांत मेणासारखें वंगण घालितात. पण तें अधिक झालें, तर भुसा व प्लास्टिक यांची पकडच सुटते.

उष्णतेची पट्टी तर फारच अरुंद. ठिबकाच्या नळ्यांचें पॉलिथिन सुमारें ११० ते १३० अंश सेंटिग्रेडवर वितळतें, आणि लांकूड २०० अंशांच्या सुमारास करपूं लागतें. पाण्याच्या बाटलीचें प्लास्टिक वितळण्यास सुमारें २५० अंश लागतात. तें यांत पडल्यास खड्यांप्रमाणें तसेंच राहतें.

आतां जाळीविषयीं. उघड्यावरील भुसा हवेंतील ओल शोषतो. मिश्रण तापतांच तिची वाफ होते. यंत्राच्या दाबाखालीं ती कोंडून राहते व साच्याबाहेर येतांच फुगते. भुसा आधीं वाळवून ओल शेंकडा एक-दोनवर आणिली पाहिजे. आमच्या खांबांत हीच कसर झाली असावी.

जुन्या प्लास्टिकची प्रत्येक खेपही वेगळी असते. त्यासाठीं पॉलिथिन १९० अंशांवर ठेवून २.१६ किलो भाराखालीं ठराविक छिद्रांतून दहा मिनिटांत किती ग्रॅम उतरतें, हें मोजतात. आमच्या विक्रेत्यास हा आंकडा विचारला, तेव्हां त्यानें रंगांचा तक्ता पुढें केला!

आपण पऱ्हाटी बांधावर जाळतों. माटुंगा येथें १९२४ सालीं स्थापन झालेल्या कापूस संशोधन संस्थेनें तिच्यापासून दाबफळ्या करण्याची रीत बसविली आहे. तींत राळ वापरतात. प्लास्टिकबरोबर कालविण्यासही पऱ्हाटीची भुकटी चालते. मात्र विकतांना मुळांची माती झटकावी व ढीग झांकून ठेवावा. मातीनें यंत्राचा मळसूत्री दांडा झिजतो.

खांब घेतांना एक टोंक आपल्यासमोर कापवून घ्यावें व तुकडा पाण्यांत टाकावा. निम्मा भुसा असलेला भरीव तुकडा बुडतो. आमच्या मोडक्या खांबाचा तुकडा आम्हीं विहिरीवरील हौदांत टाकला. तो अजून तरंगत आहे.