विंच मोठा करण्याआधी

पंचवीस-सव्वीस फुटी जुनी शिडाची बोट हाती आली की पहिल्या जोरदार वाऱ्यातच मालकाच्या मनात एक खरेदी पक्की होते: मोठे विंच. पुढचं शीड आवळताना हँडल अर्ध्यावर अडतं, दंड भरून येतात आणि कॅटलॉगमधला चाळीस नंबरचा सेल्फ-टेलिंग विंच डोळ्यांसमोर नाचू लागतो. हा मोह मला चांगला ठाऊक आहे, म्हणून त्याच्याविरुद्ध चार शब्द बोलण्याचा अधिकार घेतो. विंच बदलायला माझी हरकत नाही. पण जुना लहान विंच आजवर नकळत फ्यूजचं काम करत आलेला असतो, हे कुणी लक्षात घेत नाही. माणसाचा हात जिथे थकतो तिथे दोरावरचा ताण वाढायचा थांबतो. फ्यूजच्या जागी जाड तार घातली की दिवा लागतो खरा, पण वितळायची पाळी मग दुसऱ्या कशावर तरी येते.

आधी तक्रार खरी आहे का ते हिशेबाने पाहू. विंचवर १६ लिहिलं असेल तर दहा इंची हँडलवर लावलेल्या एका किलोच्या जोराचे दोरावर कागदोपत्री सोळा किलो होतात. यात गिअरइतकाच वाटा हँडलच्या लांबीचा आहे. सत्तर मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर २५४ मिलिमीटरचं हँडल गिअर नसतानाही सातपट जोर देतं, आणि आठ इंची हँडल वापरलं तर १६ चे जेमतेम १३ उरतात. आता शिडाची बाजू. पुढच्या शिडाचा दोर किती ओढेल याचा एक ढोबळ ठोकताळा आहे: शिडाचे चौरस मीटर गुणिले वाऱ्याच्या नॉटचा वर्ग गुणिले ०.०२१. वीस चौरस मीटरचं शीड दहा नॉटला सुमारे ४२ किलो ओढतं आणि वीस नॉटला १६८. वारा दुप्पट, ताण चौपट. सोळाच्या विंचवर त्या १६८ किलोंसाठी हँडलवर साडेदहा किलो लागतात, घर्षण धरलं तर आणखी जास्त. कललेल्या बोटीत, एका गुडघ्यावर बसून, हे सोपं नाही. तेव्हा तक्रार खरी आहे. अनेक बोटबांधणाऱ्यांनी विंचच्या बाबतीत हात आखडता घेतला, हा आक्षेपही मला मान्य आहे.

पण हाच गुणाकार उलट्या बाजूने करून पाहा. घाबरलेला किंवा उत्साही माणूस हँडलवर सहज वीस किलो टाकतो. सोळाच्या विंचवर त्याचे ३२० किलो होतात, चाळीसच्या विंचवर ८००. शिडाची कड कुठे अडकली असेल, दोर कुठे गुंतला असेल, तर लहान विंच हाताला ते लगेच सांगतो. मोठा विंच गुपचूप ओढत राहतो. आता तो दोर विंचपासून पुढे बोटाने चाचपत जा. ज्या कप्पीवर दोर पूर्ण उलटा वळतो तिच्यावर ताण दुप्पट येतो, म्हणजे ८०० चे १६००. काटकोनात वळतो तिथे जवळजवळ दीडपट. त्या कप्प्या, त्यांचे शॅकल, डेकवरची पट्टी, शिडाच्या कोपऱ्याची कडी, हे सगळं जुन्या विंचच्या मानाने निवडलेलं असतं. साखळीतली एक कडी मजबूत केली, एवढंच आपण केलेलं असतं.

सर्वांत दुर्लक्षित कडी म्हणजे विंचखालचा डेक. दोर ड्रमला डेकपासून काही उंचीवर ओढतो, त्यामुळे विंच पुढे उलथायला बघतो आणि मागचे बोल्ट वर उपसले जातात. ती उंची आणि बोल्टांमधलं अंतर सारखं असेल तर बोल्टांवरची उपसणारी ओढ दोरावरच्या ताणाइतकीच होते. मोठ्या विंचचा ड्रम सहसा जास्त उंच असतो. शिवाय नव्या बैठकीची भोकं जुन्या भोकांवर बसतीलच असं नाही. नवी पाडावी लागली की फायबरच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड किंवा प्लाय उघडं पडतं. त्यात पाणी मुरलं की लाकूड कुजून भुसा होतं, आणि वरून डेक चकचकीतच दिसतो. म्हणून भोक आधी मोठं पाडावं, आतलं लाकूड कोरून काढावं, इपॉक्सी भरावं, ते कडक झाल्यावर त्यातून बोल्टाचं भोक पाडावं. खाली वॉशरवर भागवू नये. बैठकीपेक्षा मोठी पाठपट्टी हवी. स्टेनलेस बोल्ट आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये गंजरोधक लेप हवाच, नाहीतर खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. हा खर्च आणि हे चार दिवसांचं काम विंचच्या किमतीत कुणी धरत नाही. दहा इंची हँडल नव्या जागी पूर्ण फिरतं का, की कठड्याच्या तारेला अडतं, हेही पुठ्ठ्याची चकती कापून आधीच पाहावं.

यावर म्हणतात की झिजलेल्या जुन्या विंचपेक्षा नवा केव्हाही सुरक्षित. पण जुना झिजला आहे की नुसता तुंबला आहे? आतमध्ये स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या खिट्ट्या असतात. ड्रमला उलटं फिरू न देणं हे त्यांचं काम. त्यांना ग्रीस फासलं की मीठ आणि धूळ मिळून चिकट राळ होते, खिट्टी मिटलेलीच राहते आणि भरल्या ताणात ड्रम उलटा सुटतो. तेव्हा फिरणारं हँडल मनगट मोडू शकतं. खिट्ट्यांना पातळ तेलाचा थेंब, गिअर आणि बेअरिंगला ग्रीसचा हलका हात, हा नियम नव्या विंचलाही चुकत नाही. मुंबईच्या बाजूला पावसाळ्यात बोटी वर काढलेल्या असतात, तेव्हा हे काम उरकावं. मधोमध भोक पाडलेला पुठ्ठ्याचा खोका विंचभोवती बसवावा, म्हणजे उडालेली स्प्रिंग समुद्रात जात नाही. सुटे भाग रॉकेलमध्ये धुतल्यावर बऱ्याच ‘कमकुवत’ विंचची ताकद परत येते.

नव्या विंचच्या बाजूने मला खरोखर पटणारा मुद्दा आकड्याचा नाहीच, तो सेल्फ-टेलिंगचा आहे. ड्रमवरचे वेढे पकड गुणाकाराने वाढवतात. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर प्रत्येक वेढा ती साडेतीन पट करतो. म्हणून सुटं टोक एका हाताने धरता येतं, पण तो हात तिथेच अडकतो. माथ्यावरच्या दातेरी खाचेने तो मोकळा केला की सुकाणू धरणाऱ्या एकट्या माणसाला दुसरा भिडू मिळाल्यासारखं होतं. मात्र खाच ठरावीक जाडीचाच दोर धरते, तेव्हा दोर आधी मोजावा. आणि दोर ड्रमवर किंचित खालून, पाच ते आठ अंशांनी चढत यायला हवा. नाहीतर वेढा वेढ्यावर चढून अडकतो, आणि उंच विंच बसवल्यावर हा कोन हमखास बदलतो.

तेव्हा माझा क्रम असा: सफाई, मग दहा इंची हँडल, मग कप्प्या आणि डेक, आणि तरीही गरज उरलीच तर एकच पायरी वरचा सेल्फ-टेलिंग, १६ वरून थेट ४० नव्हे. वळण घेताना वारा शिडात भरायच्या आत दोर हाताने ओढून घेतला तर विंचला शेवटचे काही इंचच उरतात. काढलेले जुने विंच विकू नयेत. मधलं शीड चढवण्याच्या दोरासाठी ते डोलकाठीपाशी अजून वीस वर्षं चालतील, अर्थात तिथल्या डेकखालीही पाठपट्टी घातली तर.