काठ, खाचर आणि वाट

भूमी अभिलेख खात्यात माझी नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं भोर आणि वेल्हे तालुक्यांत. मोजणीच्या निमित्तानं हिरडस मावळ, वेळवंड खोरं, गुंजण मावळ, कानंद खोरं असं सगळं पायाखालून गेलं. निवृत्त झाल्यावरही गावं बोलावतात. कधी विकास आराखड्याचा नकाशा वाचून द्यायला, कधी धरणाच्या काठाची वाट कुणी बंद केली म्हणून. या बैठकांमधून एक गोष्ट मनात पक्की झाली. गावाची वाट, पाणवठा, चराईचं रान हे सगळं वहिवाटीनं चालतं, आणि वहिवाट कागदावर आली नाही तर आराखडा करणाऱ्याच्या लेखी ती नसतेच. त्या अनुषंगानं जे शिकलो ते लिहितो.

1. नकाशा आधी बायकांपुढे पसरावा

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा 2021 च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भोर-वेल्ह्याची काही गावं होती. हरकतींना 30 दिवस होते, पुढे मुदत वाढली. एका गावात देवळाच्या सभामंडपात आम्ही नकाशाचा मोठा कागद अंथरला. पुरुषमंडळी ज्याच्या त्याच्या गट नंबरावर बोट ठेवून बसली. रस्ता जातोय का, आरक्षण पडलंय का, एवढंच विचारत होती. ते साहजिकच आहे, जमीन ज्याची त्याला घोर.

मागे बसलेली एक आजी पुढं आली. अक्षरओळख नव्हती, पण ओढ्याची निळी रेघ तिनं लगेच ओळखली. "हा वढा ना? मग वढ्याच्या कडंनं गुरं जात्यात ती वाट कुठाय?" वाट नव्हतीच. मग बाकीच्या बायका सरसावल्या. धुण्याचे खडक, जळणाला जायची पायवाट, उन्हाळ्यातही न आटणारा झरा, दहाव्याचं ठिकाण, सगळं त्यांनी ओढ्याच्या खुणेवरून सांगितलं आणि आम्ही लाल पेन्सिलीनं भरत गेलो. गावाची हरकत त्या लाल खुणांवर उभी राहिली. तेव्हापासून कुठंही गेलो तरी पहिली बैठक बायकांची घ्या म्हणून सांगतो. वेळ दुपारची ठेवा, पाणी भरायच्या किंवा भाकरीच्या वेळेला कुणी येणार नाही.

2. खाचर एकट्याचं नसतं

शेती वाचवा म्हणताना लोक एकेका गटाचा विचार करतात. भाताच्या मुलखात तसं चालत नाही. डोंगराच्या उतारावर एकाखाली एक खाचरं बसवलेली असतात. पावसाचं पाणी वरच्या खाचरात भरतं, दगडी ताल भरली की बांधाला ठेवलेल्या तोंडातून खालच्यात उतरतं. असं करत करत ते ओढ्याला मिळतं. हे तोंड किती उघडायचं, कधी बुजवायचं, हे वरचा आणि खालचा शेतकरी आपसात ठरवतात. भांडतातही. आवणीच्या दिवसांत एकमेकांच्या रानात इर्जिकीला, म्हणजे सामूहिक मदतीला, जातात तीही हीच माणसं.

आता मधलं एक खाचर कुणी फार्महाऊससाठी घेतलं. मुरूम टाकून भर केली, भोवती कंपाऊंडची भिंत घातली. कागदावर सगळं त्याच्या हद्दीत आहे. पण पाण्याची उतरंड तिथंच तुटते. अशा एका ठिकाणी मी जुलैत उभा होतो. भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून रोपं पिवळी पडलेली, आणि खालच्या अंगाला चिखलणी करायलाही पाणी नाही. भिंतीच्या कोपऱ्यातून मात्र लोट उसळून बाहेर पडत होता, आणि त्यानं खालच्या दोन ताली खरवडून नेल्या होत्या. रचून घातलेले दगड ओढ्यात पडलेले दिसत होते. त्या ताली घालणारा माणूस आता हयात नसेल. भाताच्या मुलखात सबंध डोंगरउतार हेच शेत असतं. ज्या आंबेमोहोर तांदळाच्या वासाचं आपण कौतुक करतो तो असल्याच उतारांवर, अशाच रीतीनं पिकत आला.

म्हणून हरकत लिहिताना एकट्या गटासाठी लिहू नये. वरपासून ओढ्यापर्यंत पाण्याचा मार्ग काढून, त्यातले सगळे गट नंबर एकत्र द्यावेत, आणि हा पट्टा शेती विभागातच राहावा, पाण्याच्या मार्गात भराव होऊ नये अशी मागणी करावी. सातबारावर पोटखराबा 'ब' म्हणून ओढा, पाट किंवा वाट लागली असेल तर त्याचा उतारा जोडावा. सार्वजनिक वापराची म्हणून वेगळी ठेवलेली ही जमीन असते. अनेक खातेदारांना आपल्या सातबारावर ती ओळ आहे याचाही पत्ता नसतो.

ही खोरी काही कालची नाहीत. कान्होजी जेधे रोहिड खोऱ्यातल्या कारीचे, बाजी पासलकर मोसे खोऱ्याचे, येसाजी कंक भुतोंड्याचे. शिवाजी महाराजांच्या आरंभीच्या फौजेला धान्य आणि माणसं याच उतारांनी पुरवली. गडावरची तटबंदी जपायची आणि त्या गडाला पोसणारी खाचरं भरावाखाली घालायची, हे मला पटत नाही.

3. धरणाला दोन काठ असतात

भाटघरच्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव दिलं आहे. साठा साधारण साडेतेवीस टीएमसी. पाऊस संपता संपता तो भरतो आणि मे महिन्यापर्यंत पाणी कुठल्या कुठं मागं सरतं, कारण नीरेच्या कालव्यांनी ते बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबरेश्वराचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं आणि लोक दर्शनाला जातात. बाहेरच्या माणसाला हा एक चमत्कार वाटतो, गावाला त्याची सवय आहे.

पावसाळी आणि उन्हाळी अशा या दोन काठांमधली जमीन संपादित, म्हणजे सरकारी. पाणी ओसरलं की तिथं गाळपेर करतात, त्यासाठी पाटबंधारे खात्याकडून ती भाडेपट्ट्यानं मिळते आणि धरणग्रस्तांचा त्यावर आधी विचार व्हावा असं धोरण आहे. गुरं तिथं चरतात, मासेमारीची जाळी तिथं वाळतात, पलीकडच्या वाडीला जायची होडी तिथूनच सुटते. पण त्या पट्ट्यापर्यंत पोचायची वाट जाते वरच्या खासगी जमिनींतून. तलाव दिसतो म्हणून त्या जमिनींना आता भाव आहे. काठावरची जमीन विकली जाते, तार पडते, गेट लागतं, आणि सरकारी पट्टा खालीच राहतो, कुणाला न पोचता येणारा. ज्या घराण्यांची जमीन या पाण्याखाली गेली, त्यांच्याच नातवंडांना पाण्याशी जायला दुसऱ्याची परवानगी लागावी, याचा मला मनापासून राग येतो.

शेजारच्या मोसे खोऱ्यात, वरसगावच्या पाण्याकाठी मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतल्या 18 गावांचं क्षेत्र 2001 मध्ये गिरिस्थान म्हणून अधिसूचित झालं, आणि तिथं उभ्या राहिलेल्या लवासाचा सगळा वाद महाराष्ट्रानं पाहिला. तिथलं बरं-वाईट मी इथं उगाळत नाही. पण काठाचं नियोजन आधी गावानं केलं नाही तर ते दुसरं कुणीतरी करतं, एवढं त्यातून दिसलं.

काठावर जायची वाट म्हणजे उतरायची सुरक्षित जागाही त्यातच आली. मे 2022 मध्ये नऱ्हे गावाजवळ भाटघरच्या पाण्यात एकाच कुटुंबातल्या पाच जणी बुडून गेल्या. धरणाचा उतार फसवा असतो, गाळाखाली जुनी खाचरं आणि त्यांच्या ताली असतात, पाऊल टाकलं की एकदम कंबरेएवढं खोल. गावाच्या आराखड्यात बाग मागण्याआधी एक बांधलेला घाट मागा, आणि पाणी कमी-जास्त होईल तसं वापरता यावं म्हणून त्याच्या पायऱ्या उन्हाळ्यातल्या काठापर्यंत न्या. पावसाळी काठावर संपणारा घाट मार्चनंतर कामाचा नाही.

4. वाट अडली की सहा महिन्यांच्या आत तहसीलदार

थोडक्यात सांगतो. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून नवी वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. लोक आधी समजुतीनं घेतात, मग दिवाळी जाऊ द्या म्हणतात, मग लग्नसराई येते आणि मुदत सरते. समजूत काढायला हरकत नाही, पण अर्जही त्याच आठवड्यात द्यावा. तार पडली त्या दिवशीचा तलाठ्याचा पंचनामा असेल तर फार उपयोग होतो.

5. बाग मागताना बनेश्वर आठवा

ग्रामपंचायतींचे ठराव वाचले की बागेची मागणी सगळीकडे तीच असते: लॉन, कारंजं, पेव्हर ब्लॉक, रंगीत प्राण्यांचे पुतळे. आणि आपल्याच भोर तालुक्यात, नसरापूरला, बनेश्वर आहे. 1749 च्या सुमाराचं, नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं शिवमंदिर, वसईच्या मोहिमेतून आलेली 1683 सालची घंटा, भोवती वन विभागानं राखलेलं झाडीचं रान आणि त्यातून वाहणारी शिवगंगा. लोक तिथं दिवसभर बसतात. सावली आहे आणि वाहतं पाणी आहे म्हणून बसतात.

आपल्या प्रत्येक गावाला एखादी देवराई, एखादा पार, गायरानाचा तुकडा असतोच. गायरान आणि सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढावीत असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात बजावलं आणि त्याच वर्षी राज्यानंही तसा शासन निर्णय काढला. सार्वजनिक बाग करायची तर ती याच जमिनीवर होऊ शकते, कुणाचं भाताचं खाचर आरक्षणात टाकायची गरज नाही. करंज, जांभूळ, उंबर, आंबा लावा, बसायला दगडी कट्टा करा, पोरांना खेळायला सपाट जागा सोडा. देवराईत मात्र हात घालू नये. तिथं दिवे लावून, फरशी घालून जे होतं ते मी पाहिलंय, आणि ते पुन्हा दुरुस्त होत नाही.

6. गडाचा पाहुणा आणि गावाचं मैदान

जुलै 2025 मध्ये राजगडाचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं, मराठा लष्करी भूप्रदेशाच्या 12 किल्ल्यांमध्ये. अभिमान आहेच. पण शनिवार-रविवारी पायथ्याच्या गावांत गाड्या लावायला जागा मिळत नाही, आणि सोपी जागा म्हणून नजर जाते शाळेच्या मैदानावर, नाहीतर खळ्यांवर. वाहनतळ कुठं, त्याचं भाडं कुणाला, हे ग्रामसभेनं लेखी ठरवावं. भाडं गावाला मिळालं तर गावच ती जागा नीट ठेवतं.

7. आराखडा रद्द झाला तरी कागद जपा

2021 चा तो प्रारूप आराखडा शासनानं 2025 मध्ये रद्द केला. काही गावांत हुश्श झालं, लाल पेन्सिलीचे नकाशे कपाटाच्या तळाशी गेले. मी त्यांना म्हणतो, नवा आराखडा कधीही येईल आणि तेव्हाही मुदत मोजकीच असेल. वाटा, पाणवठे, गाळपेर, खाचरांचे पट्टे, गायरान यांचा एक नकाशा आणि सोबत गट नंबरांची यादी ग्रामसभेपुढे ठेवा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, ग्रामसभा होतच असतात. ठराव इतिवृत्तात पूर्ण मजकुरासह घ्या, "सर्वानुमते मंजूर" एवढीच ओळ नको. ठरावाची प्रत तहसील, पाटबंधारे विभाग आणि नियोजन प्राधिकरण अशा तिन्ही ठिकाणी द्या, आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.