समाजमाध्यम कंपन्यांना जाब विचारताना

रसमडा ही छत्तीसगडमधली कारखान्यांची वस्ती आहे. इथून जवळच, भिलाईच्या चरोदा भागात, ऑक्टोबर 2022 मध्ये मुले पळवणारे समजून जमावाने तीन साधूंना मारहाण केली. अशा अफवा समाजमाध्यमांवरून वेगाने पसरतात. इथल्या मंडळांनी आणि कामगार संघटनांनी म्हणूनच त्या कंपन्यांना जाब विचारणे मनावर घ्यावे.

काय करावे

• मागणी कंपनीच्या यंत्रणेबद्दल करा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी अशाच अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांचा जीव घेतला. देशभर संताप उसळला, सरकारने कंपनीला जाब विचारला आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. कुणाचेही तोंड बंद न करता अफवेचा वेग कमी करता येतो.

• स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, वेळ जपून ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. निर्णय पटला नाही, तर 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जा.

• केंद्र सरकार नव्या नियमांचा मसुदा सूचनांसाठी खुला करते, तेव्हा मुदतीत लिहा. कोणत्या नियमात काय बदल हवा, ते नेमके सांगा.

काय टाळावे

• नुसता ‘कडक कायदा करा’ असा धोशा लावू नका. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिले म्हणून पालघरच्या एका तरुणीला अटक झाली. तिच्या मैत्रिणीने तर फक्त ‘लाइक’ केले होते, तिलाही सोडले नाही. तेव्हा वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66अ कलम श्रेया सिंघल, पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना आणि इतरांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले.

• निकाल लागला म्हणून पाठपुरावा सोडू नका. रद्द झालेल्या त्याच कलमाखाली पोलीस गुन्हे नोंदवत राहिले. पीयूसीएलला पुन्हा न्यायालयात जावे लागले, तेव्हा ऑक्टोबर 2022 मध्ये असे खटले थांबवण्याचा आदेश मिळाला.

• सरकारविषयीच्या मजकुराचे खरेखोटे सरकारनेच ठरवावे, हे मान्य करू नका. विनोदवीर कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आदींच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये अशा फॅक्ट चेक युनिटची तरतूद रद्द केली.

• मारहाणीचा व्हिडिओ ‘जागृतीसाठी’ म्हणूनही पुढे पाठवू नका. तो पोलिसांना द्या, तक्रारीला जोडा. मार खाणाऱ्याचा चेहरा गावभर फिरवण्याचा हक्क कुणालाच नाही.