तिसऱ्या घंटेच्या आधी

पोरी, स्पर्धेतल्या बक्षिसाचे पेढे पोचले. "काका, आता मी नाटकच करणार," म्हणालीस. कर की! आधी नट, मग दिग्दर्शक आणि आता शिकवणारा, अशी माझी सगळी उमर नाटकाच्या घरात गेली. होण्यासारख्या चुका मी करून ठेवल्यात, तू त्या परत करायची गरज नाही. एवढं गाठीला बांध.

रंगमंचावर

१. प्रयोगाआधी दीड तास थिएटरवर पोच आणि रिकाम्या रंगमंचावर एक फेरी मार — कुठली फळी हलते, कुठली विंग अरुंद आहे, ते उजेडातच कळलेलं बरं.

२. आपल्याबरोबर समोरच्याची वाक्यंही पाठ कर — तो अडला तर सावरायला सगळ्यात जवळ तूच असतेस.

३. पत्र, चष्मा, किल्ली स्वतः हात लावून बघ — बॅकस्टेजची माणसं ठेवतातच, पण रिकाम्या खिशातून मी एकदा पत्र काढायला गेलो आणि पुढचा सगळा प्रवेश घामात गेला. खिसा रिता, तर शब्द थिटा.

४. हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य घे — हशावर बोललीस तर शब्द वाया जातो, पुरता विझू दिलास तर प्रसंग गारठतो.

५. कालची दाद आज मागू नकोस — सांगलीचा प्रेक्षक वेगळा, दादरचा वेगळा. कालची टाळी आजच्या ताटात नसते.

६. दौऱ्यावर बसमध्ये रात्रभर गाणी-गप्पा नकोत, आणि घसा बसला तर घरचे काढे पुरे करून डॉक्टर गाठ — डॉ. श्रीराम लागू स्वतःच कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, तू नाहीस.

७. मुलगी गेली त्याच दिवशी, १९११ साली, बालगंधर्व 'मानापमान'साठी उभे राहिले, ही गोष्ट तुला सगळे सांगतील. तिला नमस्कार कर, पण ताप आला तर सकाळीच फोन कर — दुसरी व्यवस्था सकाळी होते, तिसऱ्या घंटेला होत नाही.

८. मागच्या ओळीत उभं राहायचं काम आलं तरी जीव ओतून उभी राहा — १९७२च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांची ओळ हाच पडदा होता. त्यातला एक ढिला, तर पडदा फाटला.

नाटक बसवताना

९. पहिले आठ-दहा दिवस नुसतं वाचन कर, हालचाली मागाहून — अर्थ कळला की पाय आपोआप चालतात. तुझी घाई मला माहीत आहे, म्हणून दोनदा सांगतो : वाचन!

१०. करून दाखवू नकोस, प्रश्न विचार — दाखवलंस की नट तुझी नक्कल करतो आणि त्याचं स्वतःचं सापडायचं राहून जातं.

११. कौतुक सगळ्यांसमोर, चूक कोपऱ्यात घेऊन — चारचौघांत दुखावलेला नट प्रयोगात मोकळा श्वास घेत नाही.

१२. रंगीत तालमीनंतर नवं काही सुचलं तर वहीत लिही, नटाला सांगू नकोस — नाटकाला तेवढ्यात पचत नाही. उशिराचं मीठ वरवर राहतं.

१३. मोठ्या थिएटरची तारीख मिळेपर्यंत हातावर हात धरून बसू नकोस — दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहातही प्रायोगिक नाटकाची चळवळ उभी राहिली.

शिकवताना

१४. पहिल्याच दिवशी मुलांची नावं पाठ कर — नावानं हाक मारलेलं मूल अर्धं मोकळं होतं.

१५. कोपऱ्यात गप्प बसणाऱ्याला घंटा दे, संहिता दे, काहीतरी हातात दे — काम मिळालं की भीती खाली ठेवावी लागते.

१६. शिकवणं म्हणजे अभिनयातून निवृत्ती समजू नकोस — १९६७च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'त बेणारेबाई झालेल्या सुलभा देशपांडे स्वतः शाळेत शिकवत होत्या. विहीर उपसली की पाणी गोड लागतं.

घरी-दारी

१७. नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, किती ते आधीच बोल आणि त्यातला वाटा बाजूला ठेव — बाराही महिने प्रयोग लागत नाहीत, भाडं मात्र बाराही महिने लागतं.

१८. पडदा पडल्यावर सेट उचलणाऱ्यांचा नावानिशी निरोप घेऊनच नीघ — अंधारात तुझा पाय जपणारी माणसं तीच.

या सगळ्याचं सार एकच. नाटक दुसऱ्याच्या भरवशावर चालतं, म्हणून आधी तू भरवशाची हो; मोठी होशील तेव्हा होशील. उद्या तालीम सहाला आहे ना? पावणेसहाला पोच.