*आखाड्यावर घर बांधताय? आधी हा हिशोब करा*



राखणीला, जनावरांना, रात्रीच्या पाण्याला आखाड्यावर राहावंच लागतं. बरेच सभासद लाईट-नळ नसलेल्या रानात स्वतःच दोन खोल्या उभ्या करतात. त्यासाठी आजचा धडा. मेसेज सेव्ह करून ठेवा.

*१) पाया आणि भिंत*
काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरच्यावर पाया घेतला तर भिंत तडकणारच. मुरूम लागेपर्यंत खोदा.

३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यावर मातीचं जड धाबं. भिंतीचे आतले-बाहेरचे दगड एकमेकांत बांधलेले नव्हते, त्यामुळे भिंती फुटल्या आणि माणसं झोपेत दबली. म्हणून:
✅ दगडी भिंतीत ठराविक अंतरावर पूर्ण जाडीचा लांब दगड आडवा घाला
✅ दार-खिडकीच्या वर चारही भिंतींवरून सलग सळईची काँक्रीट पट्टी फिरवा. फक्त दारावर तुकडा टाकून भागत नाही
✅ छत हलकं ठेवा. पत्रा बोल्टने आवळा. वर ठेवलेले दगड वावटळीत डोक्यात पडतात

*२) लाईट*
आधी रोजचा खर्च मोजा:
९ वॅटचे ३ बल्ब × ५ तास = १३५
२८ वॅटचा बीएलडीसी पंखा × १० तास = २८०
मोबाईल = ३०
एकूण साधारण ४५० वॅट-तास.

२०० वॅटचं पॅनल ५ तास चांगल्या उन्हात, ३० टक्के घट धरून ७०० देतं. म्हणजे पुरतं. १२ व्होल्ट १०० एएच बॅटरीत १२०० असतात, पण साध्या ॲसिड बॅटरीचे निम्मेच वापरा, नाहीतर ती लवकर बसते. ६०० मध्ये एक रात्र आरामात निघते. दिवसभर ढग राहिले तर त्या रात्री पंखा बंद, फक्त बल्ब.

पॅनलचं तोंड दक्षिणेला. ३ फूट लांबीला मागची बाजू १ फूट वर.

⚠️ *सौर पंपाच्या पॅनलमधून घरात वायर ओढू नका.* ऊन असेपर्यंत पॅनल बंद करता येत नाही, आणि तो डीसी करंट जीव घेतो. घराचं पॅनल वेगळंच घ्या, बॅटरीजवळ फ्यूज टाका. विजा चमकताना पत्र्यापासून, पॅनलपासून लांब राहा. मोबाईलमध्ये दामिनी ॲप ठेवा.

*३) पाणी*
१ चौरस मीटर पत्र्यावर १ मिमी पाऊस = १ लिटर. ४०० चौरस फूट म्हणजे ३७ चौरस मीटर. ६०० मिमी पाऊस धरला आणि २० टक्के वाया गेला तरी १७ हजार लिटरच्या वर पाणी मिळतं!

५ माणसांना पिणं-स्वयंपाक मिळून रोज ५० लिटर धरा. ५,००० लिटरची टाकी १०० दिवस जाते. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, तोंडाला जाळी लावा, झाकण घट्ट ठेवा, प्यायचं पाणी उकळा.

*खर्च कमी पडला तर काय आधी?* पाया आणि पट्टी. पॅनल पुढच्या सुगीला घेता येईल, टाकी नंतर वाढवता येईल. भिंतीत राहून गेलेली पट्टी मात्र नंतर घालणं फार अवघड.

बांधकाम चालू असेल तर पट्टी ओतण्याआधी सळईचा फोटो गावातल्या जाणत्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला दाखवा. काही शंका असेल तर खाली लिहा, दादा-ताई. पुढच्या मेसेजमध्ये उत्तर देऊ.

– आपला कृषी सल्लागार, अंबाजोगाई