उडत्या हंसांचा फोटो कसा वाचावा?



हिमाचलातील पोंग जलाशयावर दर हिवाळ्यात पट्टकादंब, म्हणजे बार-हेडेड गूज, हजारोंच्या संख्येने उतरतात. सोबत कलहंस, म्हणजे ग्रेलॅग गूजही असतात. बसलेला पट्टकादंब ओळखणे सोपे आहे: पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. पण सूर्य समोर ठेवून उडत्या थव्याचा फोटो काढला, की सारेच पक्षी काळे दिसतात. अशा वेळी पुढील क्रमाने तपासा.

१. हंसच आहे का? इंग्रजी 'व्ही' आकारात क्रौंच आणि पाणकावळेही उडतात. क्रौंचाचे पाय शेपटीच्या मागे लांबवर दिसतात, हंसाचे दिसत नाहीत. पाणकावळ्याची शेपटी हंसापेक्षा लांब असते.

२. रंगावर विसंबू नका. सकाळच्या तांबूस उन्हात राखाडी पिसे तपकिरी दिसतात, उजेड जास्त झाला तर पांढरी. चोचीचा रंगही असाच फसवतो. संगणकावर फोटोतील काळोखा भाग थोडा उजळा आणि फिकट-गडद यांतला फरक शोधा.

३. डोके व मान पाहा. प्रौढ पट्टकादंबाचे डोके पांढरे, मान गडद. पट्टे दिसले नाहीत तरी हा फरक दुरून कळतो. कलहंसाचे डोके मोठे, मान जाड आणि दोन्हींचा रंग साधारण एकच.

४. पंखावरून निकाल देऊ नका. दोन्ही जातींत पंखाचा पुढचा भाग फिकट व मागची कडा गडद असते.

५. पट्टे नाहीत, म्हणून लगेच 'कलहंस' लिहू नका. पट्टकादंबाच्या पहिल्या हिवाळ्यातील पिल्लांना ते दोन पट्टे नसतात. त्यांचा चेहरा फिकट, तर माथा व मानेची मागची बाजू गडद असते.

६. त्याच पक्ष्याचे लागोपाठचे तीन-चार फोटो ताडून पाहा. एका फोटोत सावलीत गेलेली मान पुढच्या फोटोत उजेडात येते.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिथे एक नाव चुकले, तर एका जातीची संख्या खोटी वाढते आणि दुसरीची घटते. म्हणून खात्री नसेल तेव्हा 'हंस, जात अनिश्चित' असे लिहावे. ही नोंदही पूर्ण आणि उपयोगी असते. टेहळणीवरील जवानही जेवढे दिसले तेवढेच कळवतो.

सराव: स्वतः काढलेला एक अस्पष्ट फोटो घ्या. वहीत दोन रकाने आखा: 'दिसले' आणि 'वाटले'. पक्ष्याचे नाव फक्त पहिल्या रकान्यावरून ठरवा.