रक्त आलं तरी ब्रश थांबवू नकोस

चि. छकुलीस,


परवा फोनवर तुझ्या आईच्या आवाजात काळजी होती आणि तुझ्या आवाजात रडू. तार बसवून जेमतेम आठवडा झालेला. ओठाच्या आत दोन ठिकाणी सोललंय, मऊ भाताशिवाय काही खाववत नाही, आणि ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं म्हणून दोन दिवस ब्रशच केला नाही, असं तू एका दमात सांगितलंस. सोललेलं बरं होईल, दुखणंही ओसरेल. ब्रशचं वाक्य मात्र तुझ्या या मावशीच्या डोक्यातून जाईना. वीस-बावीस वर्षं दातांना तारा बसवण्याचंच काम करूनही तिला फोनवर ते नीट समजावता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आधी दात सरकतो कसा ते बघ. भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पडदा असतो, साधारण पाव मिलिमीटरहून थोडा कमी जाडीचा. त्या तंतूंवर दात टांगलेला असतो. तारेने दाताला हळूच एका बाजूला रेटलं की त्या बाजूच्या पेशी हाड विरघळवतात आणि उलट बाजूच्या पेशी नवं हाड घालतात. दात असा हाडातून वाट काढत जातो, महिन्याला सुमारे एक मिलिमीटर. जोर वाढवला म्हणून वेग वाढत नाही. फार दाबलं तर त्या पडद्यातला रक्तपुरवठाच अडतो आणि काम उलट खोळंबतं. "मावशी, जास्त घट्ट करून लवकर संपवता येत नाही का?" असं तू विचारलंस ना, त्याचं हे उत्तर.

तुझ्या दातांवर सध्या आहे ती पहिली बारीक तार निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रणाची आहे. हा धातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झाला आणि 1970 च्या दशकात आयोवातल्या जॉर्ज अँड्रिअसन यांनी तो दातांसाठी वापरायला घेतला. वाकवला तरी तो आपल्या मूळ आकाराकडे परत येऊ बघतो, म्हणून हलका जोर आठवडेच्या आठवडे टिकतो. नवी तार टाकली की दोन-चार दिवस दात ठणकतात, ते या कामाची सुरुवात झाल्यामुळे. डॉक्टरांनी दिलेलं मेण वाटाण्याएवढं घे, बोटांत मळ, दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट कोरडं करून त्यावर दाब. ओठ घासायचा थांबेल.

आता रक्ताचं. 1965 साली डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथे हराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. हिरड्या निरोगी असलेल्या बारा जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा दात घासायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. हिरडीचा दाह दातावर साचलेल्या जंतूंच्या थरामुळे होतो, हे त्या बारा तोंडांनी दाखवून दिलं. म्हणजे जिथून रक्त येतं तिथे थर साचलेला आहे. तिथलाच ब्रश बंद केला तर थर वाढतो, सूज वाढते, उद्या आणखी रक्त येतं, आणि माणूस आणखी घाबरतो. तू दोन दिवसांत याच फेऱ्यात शिरत होतीस.

तार नसलेल्या माणसाला हे एक वेळ निभावतं. तुझ्याकडे दर दातावर एक ब्रॅकेट, त्यावर रबर, त्यातून तार. अन्न अडकायला एवढ्या खाचा आधी नव्हत्या. शिवाय दात ज्या हाडातून सरकवायचा आहे, त्या हाडाच्या तोंडाशीच सुजलेली हिरडी असेल तर दाह आत उतरू शकतो आणि दाताभोवतीचं हाड झिजायला लागतं. ते गेलेलं हाड सहसा परत भरून येत नाही. म्हणून हिरड्या सुजलेल्या दिसल्या की मावशी तार घट्ट न करता पेशंटला परत पाठवते आणि आधी हिरड्या ताळ्यावर आणायला सांगते. आईवडिलांना राग येतो, सुट्टी काढून आलेले असतात. तरीही ती हेच करते.

ब्रश कसा धरायचा ते बेसिनपाशी आरशासमोर उभी राहून वाच. ब्रश मऊ हवा. केस तिरपे, हिरडीकडे रोखलेले, साधारण 45 अंशात, म्हणजे ते हिरडी आणि दात यांच्या सांध्यात शिरतील. तिथे जागच्या जागी बारीक हलवायचं, खसाखसा आडवं घासायचं नाही. ही पद्धत चार्ल्स बास या अमेरिकी डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. तुला त्यात एक भर घालायची आहे. प्रत्येक दाताचे दोन मजले समज. एकदा ब्रॅकेटच्या वरून, एकदा खालून. मग बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा तो इवलासा ब्रश घे आणि परकराच्या नेफ्यात नाडी ओवावी तसा दोन ब्रॅकेटच्या मधून, तारेच्या खालून घाल. वरून खाली, खालून वर. बाहेर काढल्यावर त्यावर काय आलंय ते एकदा नीट बघ. सकाळी ब्रश केलेला असताना ते कुठून आलं, हा प्रश्न पडला की पुढचं सांगावं लागत नाही. रात्री या सगळ्याला आठ-दहा मिनिटं लागतात. पेस्ट फ्लोराइडची असू दे, आणि शेवटी थुंकल्यावर खळखळून चुळा भरू नकोस, थोडं फ्लोराइड दातांवर राहू दे.

आठवड्याभरात बहुधा रक्त थांबलेलं दिसेल. दोन आठवडे नीट घासूनही थांबलं नाही तर तुझ्या डॉक्टरांना दाखव. कीटण जमलं असेल तर ते ब्रशने निघत नाही, खरवडूनच काढावं लागतं. खरवडण्याने दात ढिले होतात असं तुझी आजी म्हणते, पण तसं नाही. कीटणाने हाड आधीच खाल्लेलं असतं, आणि त्याचाच थर दातांना लिंपून धरत असल्यासारखा वाटतो. तो काढला की आधीपासूनचं ढिलेपण जाणवतं, एवढंच.

आजीचं निघालं म्हणून सांगते. मावशीची आजी, म्हणजे तुझी पणजी, आयुष्यभर मिश्रीने दात घासायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी मिश्री, दुपारी जेवणानंतर मिश्री, शेतावरून आल्यावर पुन्हा मिश्री. दात घासणं हे नाव, बाकी सगळं व्यसन. साठी उलटायच्या आत तिच्या तोंडात चार दात उरले होते. दातांच्या पेस्ट आणि पावडरीत तंबाखू घालायला सरकारने 1992 मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्याला कोण बंदी घालणार? गावाकडच्या बायका अजून दाखवायला येतात, तेव्हा गालाच्या आतला पांढरा चट्टा बघताना मावशीला ती डबी आठवते.

खाण्याचं थोडक्यात. 1940 च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी साखरेच्या पाण्याची चूळ भरल्यावर दातावरच्या थराची आम्लता मोजली. काही मिनिटांतच ती इतकी वाढते की दाताचं कवच विरघळू लागतं, आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. त्यामुळे श्रीखंड खायचं असेल तर जेवणातच खा. दिवसभर एकेक गोळी चघळत राहणं त्याहून वाईट. चिक्की चिकटते, चकली आणि भाजलेले चणे ब्रॅकेट उडवतात, ऊस दाताने सोलायचाच नाही. पेरू कापून खा. आणि पिवळ्या रसभाजीनंतर पारदर्शक रबरं पिवळी पडली तर घाबरू नकोस. ती हळद आहे, पुढच्या वेळी रबरं बदलतातच.

एक मुलगा होता, तुझ्याच वयाचा. दोन वर्षं दर महिन्याला यायचा, दात सुरेख रांगेत आले. तार काढायच्या दिवशी आईने पेढे आणले होते. ब्रॅकेट एकेक करून निघाली, दात पुसले, आणि समोरच्या चारही दातांवर चौकोनी खिडकीसारखी पांढरी खडूची चौकट दिसली. मधली जागा ब्रॅकेटखाली झाकलेली म्हणून चांगली, भोवतीचं कवच मात्र थराखाली क्षार गमावून बसलेलं. असे डाग दिसायला चार आठवडेही पुरतात. थोडे फिके होतात, पूर्ण जातातच असं नाही. त्याच्या आईने पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि कुणी काही बोललं नाही. दर महिन्याला "ब्रश नीट कर" एवढंच म्हणून सोडून देण्याऐवजी त्याच्या हातात ब्रश देऊन खुर्चीतच घासायला लावायला हवं होतं, हे मावशीला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून ती तसंच करते.

तुझा दुसरा प्रश्न सुळ्यांमागच्या चार चांगल्या लहान दाढांचा. त्या का काढायच्या? हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. दात सरळ करण्याच्या शास्त्राचा पाया घालणारे अमेरिकेतले एडवर्ड अँगल ठाम होते की एकही दात काढायचा नाही, निसर्गाने सगळ्यांना जागा दिलेलीच आहे. 1911 मध्ये केल्विन केस यांनी भर सभेत त्यांच्या मताला विरोध केला, पण तेव्हा अँगल यांचा शब्द चालला. अँगल 1930 साली गेले. त्यांचेच एक लाडके शिष्य, ॲरिझोनातले चार्ल्स ट्वीड, गुरूच्या शब्दाबाहेर न जाता काही वर्षं दात न काढता उपचार करत राहिले. मग स्वतःच्या पेशंटकडे पुन्हा बघून ते अस्वस्थ झाले. कुणाचे दात परत वाकडे झालेले, कुणाचे ओठ पुढे आलेले. त्यांनी त्याच लोकांना परत बोलावलं, चार लहान दाढा काढल्या, पुन्हा उपचार केले आणि 1940 मध्ये अशा शंभर जणांची आधीची आणि नंतरची नोंद सगळ्यांसमोर मांडली. आपलं चुकलं हे इतक्या उघडपणे दाखवणारा डॉक्टर मावशीला फार मोठा वाटतो.

म्हणून दर वेळी दात काढायचेच असं मात्र नाही. कुणाला जागा किती कमी पडते, ओठ किती पुढे आहेत, वाढ किती उरली आहे, यावर ते ठरतं. त्यासाठी चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे आणि दातांचे साचे असतात. तुझ्या डॉक्टरांना ते समोर ठेवून समजावायला सांग. विचारायला लाजू नकोस. ते बीडीएसनंतर तीन वर्षं याच विषयाचं एमडीएस केलेले आहेत ना, हेही आईला विचारू दे. यात राग येण्यासारखं काही नाही.

तुझी मैत्रीण समोरच्या दोन दातांमधली फट बंद करायला मोबाइलवर बघून केसांचं रबर लावते आहे, हे तू बोलता बोलता सांगितलंस. तिला आजच्या आज थांबव. दाताचं मूळ खाली निमुळतं असतं. रबर सरकत हिरडीच्या आत जातं, दिसेनासं होतं आणि मुळाभोवती आवळत हाड खात जातं. असे धडधाकट पुढचे दात गमावलेली मुलं दंतवैद्यकाच्या नियतकालिकांत नोंदलेली आहेत. रबर आत गेलं असेल तर तिला नुसतं काढून टाक म्हणू नकोस, दंतवैद्याकडे ने.

तार निघाल्यावरचं आत्ताच सांगून ठेवते. दाताभोवतीचे तंतू नव्या जागेला सरावायला महिने लागतात, हिरडीतले काही ताणलेले तंतू तर वर्षभर दाताला जुन्या जागेकडे ओढत असतात. सिएटलमध्ये रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी रिटेनर, म्हणजे तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन, बंद केल्यावर दहा ते वीस वर्षांनी लोकांचे खालचे दात पुन्हा तपासले, तेव्हा फार थोड्यांचे सरळ राहिलेले होते. म्हणून रिटेनर रात्रीचा अनेक वर्षं घालावा लागतो. तो रुमालात गुंडाळून डब्यापाशी ठेवू नकोस. हॉटेलात टाकून आलेल्यांचे फोन मावशीला दर महिन्याला येतात.

सोबत पार्सल पाठवते आहे. त्यात दोन मऊ ब्रश, लाल दांड्याचे आणि निळ्या दांड्याचे छोटे ब्रश, आणि मेणाच्या तीन पट्ट्या आहेत. लाल पुढच्या दातांत बसतो, निळा दाढांत. जिथे जोर लावावा लागेल तिथे एक नंबर बारीक घे. रविवारी रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल कर, ब्रश हातात घेऊनच. खालच्या डाव्या बाजूपासून सुरू करू.

तुझी,
मावशी